जोडवं पाच वेळा वाजलं

घरात नवी सून आली तेव्हा मी पहिलं फर्मान काढलं ते असं, की तिनं पायांतली जोडवी काढून ठेवावीत. बायको माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. "अहो, सवाष्णीचं लेणं ते! काढ काय म्हणता? शुद्धीवर आहात ना?" जोडवी सुनेच्या पायांत राहिली आणि मी माझी बाज उचलून गोठ्याशेजारी नेली, तिथं जमीन मातीची आहे. फरशीवर चांदीचं जोडवं वाजलं की मला आजही बसवत नाही. का, ते एकदा सांगूनच टाकतो, म्हणजे घरचे मला चक्रम म्हणायचे तरी थांबतील.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. केजपासून कोसभरावर एका बाजाराच्या गावात सरकारी दवाखाना होता, तिथं मी कंपौंडर होतो. वय बावीस, लग्न नवं, आणि डोक्यात हवा गेलेली. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, पिकलेल्या दाढीचे. बोलायचे दखनीत, लिहायचे उर्दूत, आणि रागवायचे मात्र फार क्वचित. कातडीच्या रोगांत त्यांचा हात धरणारा मी पुढे कुणी पाहिला नाही. खरूज, गजकर्ण तर रोजचंच. कुणाच्या दुखऱ्या गुडघ्याला बिब्बा लावलेला असायचा आणि तो उतून सगळी मांडी लाल सुजलेली असायची. साहेब अशा माणसाला रागवत नसत, फक्त विचारत, "बिब्बा कित्ते दिन हुए?" आणि माणूस चाट पडायचा, की न सांगता यांना कळलं कसं.

मला ते शिकवायचे. आधी बघ, मग हात लाव, मग विचार, आणि सगळ्यात शेवटी सुई. रगतपितीचा संशय असला की चट्ट्यावर सुई टोचून बघायची. रगतपिती म्हणजे महारोग. त्या रोगात चट्टा फिकट आणि मेलेला असतो, शीर जाड होते, टोचलेलं कळत नाही. रोग्यानं डोळे मिटायचे आणि टोचलं की सांगायचं. "लेकिन मियाँ, सुई आखिर में," साहेब म्हणायचे. "और शक रहा तो मेरे वास्ते ठैरो. इस बीमारी का नाम मुंह से निकला तो वापस नहीं आता."

हे त्यांनी मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. ऐकलं होतं मी. पण त्याच उन्हाळ्यात एक मेंढपाळ आला होता, दंडावर काळी खपली, भोवती सूज, आणि दुखत म्हणून नाही. साहेब आत होते. मी बाहेरच त्याला विचारलं, "मेलेली मेंढी सोलली होती का रे?" तो हो म्हणाला. मी आत जाऊन साहेबांना सांगितलं, काळपुळी आहे, जनावराची लागलेली. साहेबांनी बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माणूस वाचला. ती थाप माझ्या पाठीत नाही, डोक्यात गेली. त्या दिवसापासून मी रस्त्यानं चालताना लोकांच्या हातापायांकडे बघून रोग ओळखत हिंडायचो. मूर्ख लेकाचा!

दसऱ्याच्या सुमाराला साहेब दोन महिन्यांच्या रजेवर हैदराबादला गेले. दवाखाना माझ्यावर. आणि त्याच आठवड्यात जवळच्या वाडीचा एक धनगर म्हातारा आपल्या सुनेला घेऊन आला.

म्हातारा ताठ, खांद्यावर घोंगडी. सून विशीतली असावी, पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला, मांडीवर दहा महिन्यांची मुलगी. म्हातारा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "डाक्टरसायेब, हिच्या अंगावर चट्टे उठल्यात. गावात लोकं रगतपिती म्हनायलेत. पानवठ्यावर येऊ देईनात. आमाला चार दिसांत मेंढरं घिऊन आष्टीकडं निघायचं हाय. तवा काय ते सांगा. नसलं तर गावाच्या तोंडावर तुमचं नाव सांगतो. असलं तर..." त्यानं मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. "लेकरू अंगावर पितंय तिच्या."

म्हणजे काय ते मला पुरतं कळलं होतं. माझ्या एका शब्दावर ती बाई घरात राहणार होती किंवा गावाबाहेर जाणार होती, आणि पोर तिच्याजवळ राहणार होती किंवा तोडली जाणार होती. हे कळत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. पण त्यानं मला डाक्टरसायेब म्हटलं होतं, आणि कंपौंडरला त्या काळी असं कोण म्हणत होतं?

मी बघितलं. दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांच्या खाली जाड चट्टे, कडा स्पष्ट, वर पांढरे पापुद्रे. पापुद्रे नखानं पडत होते. रगतपितीत असे पापुद्रे नसतात, हे मला आज झोपेतही सांगता येईल. तेव्हाही मनात खटकलं होतं. पण मग सुई कशाला आहे, असं मला वाटलं.

"डोळे मीट आणि टोचलं की हं म्हण," मी तिला सांगितलं. डोळे मिटायची तशी गरजच नव्हती, पदरातून काही दिसतच नव्हतं, तिला नाही आणि मला तिचा चेहरा नाही. तिनं कोपर पुढं केलं. मी टोचलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या कोपराला टोचलं. नाही. गुडघ्याखाली दोन्हीकडे टोचलं, मग परत पहिल्या कोपराला, जरा जोरात. रक्ताचा थेंब आला. ती गप्प. फक्त खाली शहाबादी फरशीवर तिच्या पायातलं जोडवं टक्क करून वाजायचं. मला वाटलं, पोर चुळबुळ करतेय म्हणून पाय हलतोय.

मी सुई पुसून ठेवली आणि म्हाताऱ्याला सांगितलं, "बाबा, रगतपितीच आहे."

नोंदवहीत मी उर्दूत लिहिलं, औरत, उम्र बीस, जुज़ाम. जुज़ाम म्हणजे कोढ, आपली रगतपिती. नावाच्या रकान्यात म्हाताऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं आणि मी पुढं 'ची सून' एवढंच लिहिलं. बाईचं नाव कुणी विचारत नसे. म्हाताऱ्यानं दवाखान्याच्या पायरीवरच वाकून पोरीला तिच्या मांडीवरून उचललं. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. तिनं हात पुढे केले, तसेच थोडा वेळ धरले आणि मग मागे घेतले. पोरच तेवढी रडत गेली. त्या दिवशी मी त्या बाईचा आवाज ऐकलाच नाही.

साहेब परत आले. नोंदवही त्यांनी चाळली, त्या ओळीवर बोट ठेवून "सुई देखे?" विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. माझ्यावर विश्वास टाकला त्यांनी, आणखी काय.

माघात एक शिंपी आला. कोपरांवर आणि गुडघ्यांवर तेच जाड चट्टे, तेच पांढरे पापुद्रे. साहेबांनी काचेच्या तुकड्याच्या कडेनं चट्टा हलकेच खरवडला. पापुद्रे निघाले, आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले. "देखो मियाँ, ऐसे ठिपके दुसरे में नहीं आते. इसकू कोढ नक्को बोलो. सोरायसिस बोलते. न किसी कू लगता, न जान लेता. आता, जाता, फिर आता." त्यांनी शिंप्याला डांबराचा मलम दिला. तो शिंपी रडायलाच लागला, त्यालाही गावानं बाहेर बसवलं होतं.

मी स्वतःची समजूत घातली. असेल दिसायला सारखं, पण माझ्या बाईला सुई कळली नव्हती. शिंप्याला तर साहेबांनी टोचताच तो केवढ्यानं ओरडला! दोन महिने मी या एका गोष्टीला धरून राहिलो. सुई खोटं बोलत नाही, असं स्वतःला बजावायचो.

मग एक दिवस दुपारी घरी जेवायला बसलो होतो. वडील समोर ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. बायको चुलीपुढं भाकरी करत होती. तवा उतरवताना निसटला आणि तिच्या मनगटाला चांगला चटका बसला. मी बघत होतो. कातडी पांढरी पडली. तिच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. फक्त पाय फरशीवर दाबला गेला आणि जोडवं वाजलं. टक्क.

माझा घास हातातच राहिला.

वडील बाहेर गेल्यावर मी तिच्या मनगटाला तूप लावलं आणि विचारलं, "अगं, ओरडायचं तरी!"

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली. "मामंजी समोर बसलेले. त्यांच्यापुढं कसं तोंड उघडू?"

आई गं! हे मला ठाऊक नव्हतं का? माझी आई माझ्या आजोबांसमोर उभ्या जन्मात एक शब्द बोलली नाही. माझ्याच घरची रीत ही. आणि मी एका सुनेला तिचा सासरा चौकटीत उभा असताना सांगत होतो, टोचलं की हं म्हण! जोडवं किती वेळा वाजलं होतं, ते मी तिथं बसून मोजलं. पाच वेळा. मी पाच वेळाच टोचलं होतं.

हात न धुताच मी दवाखान्यात गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलतील, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "जाव. ढूंडो उसकू. मेरे सामने लाव, मैं मोहर लगा के लिख देतूं के कोढ नहीं."

मी त्याच पावली वाडीला गेलो. मेंढरं परत आलेली होती. गावाबाहेर बाभळीखाली काट्याकुट्याची खोपी होती, तिच्यात एक फुटकं मडकं आणि राख. बाई नव्हती. म्हातारा ओट्यावर बसला होता, दीड वर्षाची पोर त्याच्या घोंगडीत खेळत होती. त्यानं सांगितलं, खोपीपर्यंत पोरीचं रडणं ऐकू जायचं. एक दिवस रगतपितीवाल्यांचा तांडा परळीकडे चालला होता, त्यांच्यामागं ती निघून गेली. मुलाचं दुसरं लग्न लावून दिलं होतं.

मी म्हाताऱ्याला खरं काय ते सांगितलं. जोडव्याचंही सांगितलं. तो माझ्या अंगावर धावून येईल म्हणून मी मागं सरकून उभा होतो. तो उठलाच नाही.

"म्या तितं हुबा नसतो तर?" त्यानं विचारलं.



"म्या हुबा व्हतो म्हनून ती बोलली न्हाई," तो परत म्हणाला आणि घोंगडीच्या टोकानं त्यानं डोळे पुसले. "आना तिला सायेब. दुसरी आली म्हनून काय झालं, पोरीची माय हाय ती. मोठ्या सायबाचा कागद दावू गावाला. आन् ह्या बारीला सुई लावताना म्या सवता सांगीन तिला, बोल माय, मोठ्यानं बोल."

तिचं नाव काय, हे मी तेव्हा विचारलं. त्यालाही आठवायला वेळ लागला. लग्नात बदललेलं एक नाव होतं, पण त्या नावानं तिला घरात कुणीच हाक मारत नव्हतं. सगळे तिला 'पोरीची माय' म्हणायचे. अशी बाई शोधायची तर हाक काय मारायची, सांगा.

सात वर्षं मी तिला शोधलं. दर शिवरात्रीला साहेब न सांगता रजा द्यायचे आणि मी मोमिनाबादवरून घाट उतरून परळीला जायचो. वैजनाथाच्या पायऱ्यांवर रगतपितीवाले दोन्ही बाजूंना बसलेले असायचे. मी खाली वाकून प्रत्येक बाईची कोपरं बघायचो. लोक शिव्या द्यायचे. एका बाईनं वाडगा फेकून मारला, तिचं काही चुकलं नाही. तांडे जत्रांच्या मागं फिरतात, आज इथं तर उद्या तिथं. कुठल्या कुठल्या गावांना गेलो, आता सगळी आठवतही नाहीत. दरम्यान मला मुलगा झाला. बायको माहेराहून परत आली ती जोडवी वाजवत, आणि मी पाळण्याजवळून उठून बाहेर जाऊन बसलो. बायकोनं काय समजायचं ते समजून घेतलं. मी तिला कधीच काही सांगितलं नाही.

आठव्या वर्षी ती सापडली. शिवरात्र होऊन गेली होती, पायऱ्या रिकाम्या होत्या. तळ्याच्या काठी मागं राहिलेला एक तांडा बसला होता. त्यातली एक बाई एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत होती. बाह्या वर सारलेल्या. कोपरांवर तेच चट्टे, पांढरे पापुद्रे. रगतपितीवाल्यांच्या मेळ्यात ते चट्टे एवढे स्वच्छ वेगळे दिसत होते की मी सरळ तिच्यासमोर जाऊन "बाई, कोपर बघू" म्हणालो.

आवाजावरून तिनंच आधी ओळखलं. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. "तुमी सुईवाले न्हवं?" ती म्हणाली. आवाज जरा घोगरा, पण चांगला खणखणीत होता. असा आवाज हिला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला गेलो, ती मागं सरकली. "नगा, नगा. इटाळ व्हईल."

"तुला काही झालेलं नाही, बाई. कधीच नव्हतं. मी चुकलो," मी म्हणालो, आणि सगळं एका दमात सांगितलं. शिंपी, मलम, साहेबांचा कागद, सासऱ्याचे शब्द. ती ओल्या हातांनी तशीच ऐकत राहिली. मी तिला पोरीचं सांगितलं. नऊ वर्षांची झाली, मेंढरांमागं पळते, आजोबाला एक क्षण सोडत नाही. दरवर्षी मी तिला बघून यायचो.

"बोलती का?" तिनं विचारलं. "आजोबाच्या म्होरं बोलती?"

"लई बोलते. म्हातारा तिला गप्प बस म्हणत नाही."

ती हसली. मग तिथं बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बगा, म्या म्हनत व्हते का न्हाई? मला कळत व्हतं सुई टोचलेलं. लई कळत व्हतं. माझे हात चांगले म्हनून तर इतक्या वर्सं तुमच्या जखमा म्याच धुतल्या, भाकरी म्याच केल्या." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, जा बाई, घरला जा.

तिनं गाठोडं बांधायला घेतलं, मग थांबली. "घरला जाऊन मामंजींच्या म्होरं सुई लावाल. त्येच्या आधी एकदा हितं लावा. ह्या सगळ्यांना ऐकू द्या." ती तळ्याच्या पायरीवर बसली, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढं केला. चेहरा उघडा, वर केलेला. हसू अजून ओठांवर होतं.

माझ्या खिशात सुई होती. सात वर्षं होती. मी तिचा हात हातात घेतला. कोपरावर टोचायचं म्हणून वळवला, तेव्हा मला तिच्या मनगटाजवळ एक फिकट डाग दिसला. गुळगुळीत. पापुद्रा नाही, लव नाही. करंगळी थोडी आत वळलेली होती. कोपराच्या मागं मी बोट फिरवलं, तिथली शीर सुतळीएवढी जाड लागली. साहेबांनी शिकवलं होतं तसं सगळं मी बघितलं, हात लावला, आणि सगळ्यात शेवटी सुई घेतली.

करंगळीच्या कडेला मी टोचलं. रक्त आलं. माझे कान तिच्या पायांकडे लागले होते. झिजलेली जोडवी अजून तिच्या बोटांत होती, पायरी दगडाची होती. मी परत टोचलं, खोलवर, आणि सुई तशीच रुतवून धरली.

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले होते.

"टोचा की," ती म्हणाली. "कावून थांबलाव? ह्या बारीला म्या बोलनार हाय."